मंडळं आहेत, आराखडा कुठाय?

पाणी चढलं की देऊळ, दरबार, गुरुद्वारा, विहार, मशीद यांची दारं आपल्याकडे आपोआप उघडतात. पण दार उघडल्यावर कुणी काय करायचं, हे आधी कुठे लिहिलेलं असतं का? आणि लिहिलेलं असलं, तर त्या कागदावर बायकांची नावं असतात का?

जून लागला की उल्हास नदीकाठच्या घरांमध्ये एक वेगळीच आवराआवर सुरू होते. धान्याचे डबे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर जातात. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, बँकेची पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली जातात. हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. २६ जुलै २००५ ने शिकवलंय. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्याकडे उल्हास आणि वालधुनी, दोघींनी पात्र सोडलं. त्यानंतर २०१९ मध्ये पुन्हा, २०२१ मध्ये पुन्हा. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी इथे तर पावसाळ्यात सकाळी दुधाच्या आधी नदीच्या पातळीची बातमी येते. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर, हा आकडा तिथल्या गृहिणींना तोंडपाठ असतो.

आणि आपल्याकडे संकट फक्त पाण्याचंच येतं असं कुठाय? नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत रात्री कुणीतरी रसायन सोडलं आणि उल्हासनगरमध्ये शेकडो माणसं मळमळ, उलट्या, श्वास कोंडल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात गेली. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून अधिक जीव गेले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून जास्त माणसं राहत होती. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण बघतोच आहोत.

एवढ्या माणसांपर्यंत संकटाच्या पहिल्या तासात पोचणार कोण? अग्निशमन दल, पोलिस, एनडीआरएफ येतातच, पण त्यांना यायला वेळ लागतो. तोवर जे हात धावून येतात ते शेजाऱ्याचे असतात. १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात मोठा भूकंप झाला. जपानसारखा तयारीचा देश, तरी ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं.

मंगल कार्यालयात उतरलेली गाडी

आपल्याकडचंच उदाहरण घ्या ना. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. सगळीकडे काळोख, खाली पाणी आणि डब्यांमध्ये सुमारे १,०५० प्रवासी. त्यात नऊ गरोदर बायका होत्या. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हवाई दलाची हेलिकॉप्टर्स आली. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण बोटीतून उतरल्यावर ही माणसं गेली कुठे? बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात! जिथे एरवी अक्षता पडतात, तिथे त्या दिवशी ओल्या कपड्यांतल्या हजार माणसांची खाण्यापिण्याची आणि तपासणीची सोय झाली. डॉक्टरांच्या पथकात स्त्रीरोगतज्ज्ञही होते. आसपासचे गावकरी, स्थानिक कार्यकर्ते मदतीला धावले. मग कल्याणहून खास गाडीने प्रवाशांना कोल्हापूरला पाठवलं.

मंगल कार्यालयच का? कारण तिथे मोठा हॉल असतो, स्वच्छतागृहं असतात, पाण्याची टाकी असते, शेकडो माणसांचा स्वयंपाक होईल अशी भांडी असतात. आता जरा आपल्या गावात नजर फिरवा. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये हे सगळं आहे. सिंधी दरबारात आणि टिकाण्यात आहे. महाप्रसाद करणाऱ्या देवळात आहे. मशिदीत वजूसाठी पाण्याचा साठा आहे, दूरवर पोचणारा भोंगा आहे. वस्तीतल्या बुद्धविहारात बसायला जागा आहे आणि रोज जमणाऱ्या बायका आहेत. चर्चच्या आवारात हॉल आहे. गणेशोत्सव मंडळाकडे जनरेटर, दोरखंड, ताडपत्री आणि रात्रभर जागणारी पोरं आहेत. भजनी मंडळाकडे काय आहे? दिंडीची शिस्त आहे! शेकडो माणसांनी रोज नव्या गावी मुक्काम करायचा, वेळेवर जेवायचं, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं, हे वारकरी बाया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात.

उल्हासनगरला तर हे वेगळं सांगायला नको. हे अख्खं शहरच एका आपत्तीतून उभं राहिलंय. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं नाव उल्हासनगर झालं. 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असे पत्ते आजही सांगितले जातात, ते त्याच छावणीचे. सिंधी समाजाचं दैवत झुलेलाल, तेही पाण्याशी नातं सांगणारं. ज्यांनी घरदार सोडून आल्यावर एका बराकीत चार-चार संसार मांडले, त्यांना सेवा म्हणजे काय हे कुणी शिकवावं?

भावना आहे, कागद नाही

मग अडतं कुठे? अडतं ते इथे, की हे सगळं ऐनवेळी सुचतं. पाणी चढल्यावर फोन सुरू होतात. हॉलची किल्ली कुणाकडे? ती व्यक्ती तर लग्नाला गावी गेलीय. एका वस्तीत तीन मंडळांची खिचडी पोचते आणि नाल्यापलीकडच्या चाळीत रात्री अकरापर्यंत कुणीच जात नाही. बिस्किटांचे पुडे ढिगाने येतात, पण लहान बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड, साखरेच्या पेशंटचं इन्शुलिन कुणाच्या लक्षात येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

खरं तर कायद्यात यासाठी जागा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं आणि जिल्ह्याचा आराखडा करावा लागतो. संकटात निवारा म्हणून वापरता येतील अशा इमारती आधीच शोधून ठेवणं, तिथे पाण्याची आणि स्वच्छतेची सोय बघणं, तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना सोबत घेणं, ही कामं या कायद्यात स्पष्ट लिहिली आहेत. २०२५ च्या दुरुस्तीने तर महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. उल्हासनगरला महापालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा आहेत. म्हणजे दार ठोठवायला कार्यालय आहे, कायद्याचा आधार आहे. आपल्या देवळाचं, दरबाराचं, बचत गटाचं नाव त्या आराखड्यात घाला, अशी मागणी करणं हा आपला हक्कच आहे.

दुपारी दोन वाजता गावात कोण असतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा आराखडा झाला. त्यात स्वयंसेवकांची वीस नावं आली. ती नावं कुणाची असतील, डोळ्यांसमोर आणा. मंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, तरुण कार्यकर्ते. बहुतेक पुरुष. आणि त्यातले बरेच जण सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणारे! पाणी काही रविवार बघून चढत नाही. मंगळवारी दुपारी दोन वाजता नदी भरली तर यादीतली निम्मी मंडळी दादर, कुर्ला, ठाण्याला अडकलेली असणार, कारण पाणी भरलं की पहिली बंद पडते ती लोकल. त्या वेळी गावात कोण असतं? घरातल्या बाया, म्हातारी माणसं, शाळेतून परतणारी मुलं, अंगणवाडीच्या ताई, आशा ताई, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, शिलाई मशीनवर बसलेल्या मावश्या. मग आराखड्यात पहिली नावं कुणाची हवीत?

बायकांना यादीबाहेर ठेवलं की काय होतं, याचा धडा बांगलादेशने फार मोठी किंमत देऊन घेतलाय. १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त होतं. इशारा बाजारात, चहाच्या टपरीवर पुरुषांना मिळाला, घरापर्यंत आलाच नाही. आला तरी नवरा येईपर्यंत कित्येक जणी उंबरठ्यात थांबल्या. निवारा केंद्रात परक्या पुरुषांच्या गर्दीत जायचं कसं, या संकोचाने काही घरीच राहिल्या. पुढे त्यांनी काय केलं? गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं वाढवलं, मशिदींच्या भोंग्यांवरून इशारे द्यायला सुरुवात केली, आणि घरात जाऊन सांगू शकतील अशा बायकांना स्वयंसेवक केलं. निवारे वाढले, हवामानाचे अंदाज सुधारले, त्याचाही मोठा वाटा आहेच. पण २०२० च्या अम्फान वादळात तिथल्या बळींची संख्या दोन आकड्यांत राहिली. कुठे एक लाख चाळीस हजार आणि कुठे हे!

आपल्या महाराष्ट्रातही असं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमध्ये भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं आणि गावं दमून झोपली होती. नंतर घरं दुरुस्त करायची सरकारी योजना आली तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' तयार केल्या. ज्या बायका कधी चावडीवर बसल्या नव्हत्या, त्या इंजिनिअरला भिंतीबद्दल, लोखंडाबद्दल प्रश्न विचारायला लागल्या. पुढे २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिकडच्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. सातवी-आठवी शिकलेली बाई हे करू शकते, मग आपण का नाही?

यादी सभासदांची की गल्लीची?

यादी करायला बसलो की एक फसगत होते. प्रत्येक मंडळाची यादी सभासदांची असते. दरबाराकडे दरबारात येणाऱ्यांची, भजनी मंडळाकडे भजनाला येणाऱ्यांची, बचत गटाकडे हप्ता भरणाऱ्यांची. पाणी मात्र सभासदत्व बघून घरात शिरत नाही. ते गल्लीच्या या टोकाला शिरतं आणि त्या टोकाला निघतं.

हळदीकुंकवाचंच बघा. संक्रांतीला आपण घराघरात जातो, आख्ख्या आळीची ओळख असते. माहिती गोळा करायला याहून चांगली संधी कुठली? पण हळदीकुंकवाला आजही अनेक ठिकाणी कुणाला बोलावत नाहीत, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे जी एकटी राहते, जिला पुरात हाक मारायची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी तीच विधवा आजी त्या यादीतून गळणार! तशीच गळतात ती वरच्या माळ्यावर नव्याने आलेली भाडेकरू मुलगी, कारखान्यात काम करणारी परप्रांतीय जोडपी, बांधकामावरची कुटुंबं, रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या धर्माची घरं. म्हणून यादी गल्लीची करा. घर क्रमांक, माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, गरोदर कुणी आहे का, ऐकू न येणारं, दिसत नसलेलं कुणी आहे का, डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर कुणी आहे का. त्यापुढे लिहा की या घरी हाक मारायला कोण जाणार. नाव एक नको, दोन हवीत. एक लोकलने जाणारं, एक घरी असणारं.

ही माहिती नाजूक असते, हेही ध्यानात ठेवा. कुठली मुलगी एकटी राहते ही काही भिंतीवर चिकटवायची किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवायची गोष्ट नाही. वही गल्लीतल्या दोन भरवशाच्या बायकांकडे ठेवावी आणि दर मे महिन्यात ती पुन्हा तपासावी.

दार उघडं आहे, पण कुणासाठी?

देवळाचा किंवा दरबाराचा हॉल निवारा म्हणून ठरला, की काही प्रश्न आधीच विचारून टाकायला हवेत. ऐन पुरात ते विचारायला कुणाला जीभ रेटत नाही आणि मग बाई कुचंबत राहते.

पाळी सुरू असलेली बाई देवळाच्या हॉलमध्ये आली तर चालेल का? विश्वस्तांकडून याचं उत्तर आधी घ्या, आणि ते 'हो' असंच हवं. गाभारा बंद ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण हॉलचं दार प्रत्येकीला उघडं हवं. मुसलमान कुटुंब देवळात आलं, हिंदू कुटुंब मशिदीच्या आवारात गेलं, नवबौद्ध वस्तीतल्या बाया मंगल कार्यालयात आल्या, तर त्यांना कुणी नाव-आडनाव विचारणार नाही ना? जेवण सगळ्यांना चालेल असं साधं असेल ना? मदतीच्या बदल्यात कुणाला आरतीला उभं राहायला, सत्संगाला बसायला सांगणार नाही ना? सेवेच्या जागी सेवाच व्हावी. हे नियम लिहून हॉलच्या दारावर लावले तर येणाऱ्या बाईच्या मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

आणि मग रोजच्या गोष्टी. संडासाला आतून कडी आहे का? तिथपर्यंत जाताना उजेड आहे का? बायका-मुलांना झोपायला वेगळी खोली किंवा निदान पडदा आहे का? रात्री दारावर पुरुष कार्यकर्त्यांबरोबर एक बाईही जागी राहणार आहे का? बाळाला पाजायला आडोसा आहे का? दुसऱ्या कुणाला या गोष्टी सुचणार नाहीत. आपल्याला सुचतात, म्हणून तर आराखडा करताना आपण तिथे हव्यात.

भोंगा कशासाठी वाजतोय?

आपल्या भागात एक खास अडचण आहे. पूर आणि वायुगळती, दोन्ही संकटं इथलीच, पण दोन्हींत करायचं असतं ते अगदी उलट. पाणी चढतंय असं कळलं की घर सोडून उंच जागी जायचं. गॅस पसरलाय असं कळलं की धावत बाहेर पडायचं नाही. घरात थांबायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या, पंखा, एक्झॉस्ट, एसी बंद करायचा, फटींना ओली फडकी लावायची, नाकातोंडावर ओला रुमाल धरायचा आणि अग्निशमन दलाच्या सूचनेची वाट बघायची. बाहेर पडायला सांगितलंच तर वारा जिकडे जातोय तिकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं.

आता विचार करा, देवळाची घंटा जोरात वाजायला लागली आणि कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही. निम्मे लोक घराबाहेर येतील, निम्मे आत जातील. म्हणून नुसती घंटा उपयोगाची नाही. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, विहार सगळ्यांनी मिळून एकच मजकूर ठरवावा. 'पाणी, वर चला' आणि 'गॅस, घरात थांबा', इतका सोपा. मराठी, हिंदी आणि सिंधीत. आदेश कुणाचा आल्यावर बोलायचं, तेही ठरवावं, म्हणजे अफवांना वाव राहत नाही. रात्री दहानंतर भोंगा लावायला बंदी आहे, मग कसं, असं कुणी विचारेल. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच सार्वजनिक संकटाच्या वेळेसाठी अपवाद ठेवलेला आहे. तरीही पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवून ठेवलेलं बरं.

नुसता चांगुलपणा पुरत नाही

मदतीला धावणं चांगलं, पण शिकून धावणं जास्त चांगलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं बाहेर काढताना गावातलीच बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अंगात लाइफ जॅकेट नव्हती. १७ जणांचा जीव गेला, त्यात बायका आणि मुलंच जास्त. मदत करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण एका फेरीत किती माणसं, हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं आणि त्याचं ऐकायची सवयही लागते.

जिथे माणसं श्रद्धेने जमतात, ती जागाही धोक्याची ठरू शकते. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे भाविक गेले. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात महाशिवरात्रीला केवढी गर्दी लोटते! इ.स. १०६० चं हे मंदिर वालधुनीच्या काठावर उभं आहे. म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी आधी आपलं घर तपासायला हवं. बाहेर पडायचे रस्ते मोकळे आहेत का, वायरिंग कधी तपासलं, मंडपात आग विझवायचं साधन आहे का, दर्शनाच्या रांगेत भोवळ आलेल्या बाईला बाहेर कुठून न्यायचं. इमारत जुनी असेल तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? जो निवारा स्वतःच पडायला आलाय, तो आराखड्यात काय कामाचा?

प्रशिक्षणाची सोय आहे. केंद्र सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेत देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. असं पुढचं प्रशिक्षण कधी आहे, त्यात बायकांना किती जागा आहेत, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायला लाजू नका. अग्निशमन केंद्राला मंडळाने लेखी विनंती केली तर प्रात्यक्षिक दाखवायला जवान येऊ शकतात. श्रावणातल्या एका मंगळवारी मंगळागौरीच्या खेळांबरोबर अर्धा तास छाती दाबून श्वास सुरू करायचा सराव झाला, तर गौर काही रागावणार नाही!

मैत्रिणींनो, आपल्या तिन्ही शहरांत मंडळांची कमी नाही. एका चौकात दोन गणपती बसतात. कमी आहे ती एकत्र बसण्याची. देवळाचे विश्वस्त, दरबाराचे सेवादार, मशिदीची जमात, विहाराचं महिला मंडळ, बचत गटाची ताई, ही मंडळी वर्षातून एकदा, मे महिन्यात, एका सतरंजीवर बसली आणि शेजारी नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा अधिकारी वही उघडून बसला, तर निम्मं काम झालं. ती बैठक बोलवायला अध्यक्ष असावं लागत नाही. चहा करायची तयारी आणि दोन-चार फोन एवढं पुरतं. गाव करी ते राव न करी, म्हणतात ना? मात्र गाव म्हणजे अख्खं गाव, त्यात दुपारी दोन वाजता घरी असणाऱ्या बायकाही आल्या.

चौकट : पावसाळ्याआधी करायच्या आठ गोष्टी

१. गल्लीची वही करा. एकटी, आजारी, गरोदर, अपंग आणि नव्याने राहायला आलेली माणसं आधी.

२. प्रत्येक अशा घरासाठी दोन नावं ठरवा. त्यातलं एक दिवसा गावात असणारं हवं.

३. निवाऱ्याची जागा ठरवा, जाऊन बघा. किल्ल्या तीन वेगवेगळ्या घरी ठेवा, त्यातली एक बाईकडे.

४. कामं वाटून घ्या. एका संस्थेने स्वयंपाक, दुसरीने पिण्याचं पाणी, तिसरीने औषधं आणि बाळांचं सामान, चौथीने अंथरूण-पांघरूण बघावं.

५. निवाऱ्यातल्या पेटीत टॉर्च, दोरी, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, सॅनिटरी पॅड, पाण्यात टाकायचं क्लोरीन आणि चार्ज केलेली पॉवर बँक असू द्या.

६. भोंग्यावरचा मजकूर ठरवा आणि एकदा सराव करा.

७. हे सगळं एका पानावर लिहून महापालिका आयुक्त किंवा नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, तहसीलदार आणि पोलिस ठाणे यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

८. हे नंबर फ्रिजवर चिकटवा : कुठल्याही संकटासाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

पूर ओसरल्यावर घर धुताना उघड्या पायांनी, जखमा झाकल्याशिवाय पाण्यात उतरू नका. लेप्टोचा ताप तिथूनच येतो. ताप आला तर अंगावर काढू नका, पुराच्या पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, या वेळी काय चुकलं, काय जमलं. पुढच्या जूनला ते पान उपयोगी पडेल.